क्रेनची पाठ

हजेरीपटावर त्याचं नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. मालकापासून ट्रकच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे त्याला क्रेन म्हणत. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत तो मिसरूड फुटायच्या वयात लागला आणि पहिल्याच वर्षी एक फ्रीज पाठीवर घेऊन अरुंद जिन्यावरून एकट्याने खाली आला. तेव्हा हे नाव चिकटलं. त्यालाही ते आवडायचं. नव्या घरासमोर ट्रक लागला की तो सगळ्यांच्या आधी उडी मारायचा, बाह्या वर सारायचा आणि सगळ्यात जड काय आहे ते विचारायचा. लोक आपल्याकडे बघतायत हे त्याला न वळता कळायचं.

अशा माणसाची पाठ गेली ती एका चपलेपायी.

एका म्हाताऱ्या बाईंचं घर हलवायचं होतं. कपाटं, पलंग, शिवणयंत्र, सगळं ट्रकमध्ये चढलं होतं. दारात लहान मुलाची एक चप्पल तेवढी राहिली होती. ती उचलायला क्रेन वाकला आणि वर येईचना. कंबरेत कुणी सुरी खुपसून फिरवावी तशी कळ आली, उजव्या पायातून पोटरीपर्यंत वीज गेली, आणि तो होता तसाच, हात जमिनीकडे आणि तोंड उंबऱ्याकडे, थिजला.

"काय हरवलं का, भाऊजी?" मेहुण्याने विचारलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. क्रेननेच त्याला कंपनीत लावलं होतं आणि जड सामान कसं धरायचं, पट्टा कसा आवळायचा, तेही त्यानेच शिकवलं होतं. पोरगा काटक होता आणि भाऊजींवर त्याचा जीव होता.

"हलवू नकोस मला," क्रेन दात आवळून म्हणाला.

म्हाताऱ्या बाई धावत आल्या. "अरे, त्यांना खुर्ची तरी द्या," त्या म्हणाल्या. पण खुर्ची ट्रकच्या पार आतल्या टोकाला गेली होती. शेवटी मेहुणा आणि ड्रायव्हर यांनी सामान गुंडाळायची जाड चादर अंथरली, त्याला कुशीवर तिच्यात निजवलं आणि दोन बाजूंनी धरून जिना उतरवला.

"सावकाश रे," ड्रायव्हर म्हणाला. "काचसामान आहे."

समोरच्या बाल्कन्यांमध्ये माणसं उभी होती. त्यातलं कुणीतरी हसलं. दुखत तर होतंच, पण क्रेनने डोळे मिटले ते त्या बाल्कन्या दिसू नयेत म्हणून.

हाडांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की मणक्यांमधली गादी सरकली आहे आणि पायात जाणारी नस दाबली जाते आहे. ऑपरेशनची गरज नाही. थोडे दिवस विश्रांती, मग फिजिओथेरपी. व्यायामाने माणूस पुन्हा उभा राहतो.

"व्यायाम?" क्रेन बायकोला रिक्षात म्हणाला. "जन्मभर मी दुसरं केलंय काय?"

"डॉक्टर सांगतायत ते करू या," बायको म्हणाली. ती एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पहाटे उठून आधी त्याचं आवरून द्यायची, मग कामावर जायची. आवरून देणं म्हणजे काय, तर त्याला पँटच्या पायात पाय घालता येत नव्हता. मोजे घालता येत नव्हते. ती खाली बसून त्याचे मोजे चढवायची आणि तो छताकडे बघत राहायचा. तिने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. उलट मोजा चढवून झाला की पायावर हलकेच थाप मारायची. ती थाप त्याला सहन व्हायची नाही.

एकदा पाण्याचा मोठा कॅन ती खालून घेऊन येत होती आणि तो मागून रिकाम्या हातांनी जिना चढत होता. शेजारचे निवृत्त हवालदार दारात पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "आज पाळी बदलली वाटतं," म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. क्रेन त्यानंतर बायकोबरोबर जिन्यावर दिसला नाही. ती वर गेली की मग तो निघायचा.

मेहुण्याला त्याने बजावलं होतं, "कामावर कुणी विचारलं तर सांग, उसण भरली होती, उतरली. आता भावाकडे गेलाय चार दिवस."

"पण भाऊजी, सगळ्यांनी पाहिलंय. पाय मीच धरले होते तुमचे."

"सांगितलं तेवढं कर."

फिजिओथेरपीचं ठिकाण बायकोने शोधलं. घराजवळही एक होतं, पण क्रेनला ते नको होतं. तिथे ओळखीचं कुणी भेटलं असतं. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाचं ठरलं. दोन बस बदलून जावं लागायचं. चष्म्याच्या दुकानावर एक लांबट खोली, खिडकीखाली रबरी चटया, कोपऱ्यात मोठाले चेंडू, भिंतीवर रंगीत रबरी पट्ट्या टांगलेल्या आणि एका खुंटीला प्लास्टिकचा पाठीचा कणा लटकलेला. तो कणा वाऱ्याने हलायचा तेव्हा खुळखुळायचा.

तिथे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम चणीने अगदी लहान होत्या. क्रेनच्या छातीला लागतील एवढ्या. केस बारीक कापलेले, आवाज मात्र बसकंडक्टरचा. ही आपल्याला काय उचलायला शिकवणार, असं त्याच्या मनात आलं.

पडद्यामागे त्यांनी त्याला शर्ट काढायला सांगितला. "सरळ उभे राहा. नेहमी राहता तसे."

क्रेनने छाती काढली, पोट आत ओढलं.

"श्वास सोडा," मॅडम म्हणाल्या.

"सोडलाय."

"नाही सोडलेला. काही घाई नाही. मी थांबते."

त्या खरंच थांबल्या. हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत राहिल्या. शेवटी त्याला श्वास सोडावाच लागला. तेवढ्यात त्यांनी मोबाइलवर त्याचे फोटो काढले, एक बाजूने, एक मागून, आणि त्याला दाखवले.

फोटोतल्या माणसाची मान कासवासारखी पुढे आली होती. पाठीचा वरचा भाग गोल, कंबर आत दबलेली, पोट पुढे. मागून पाहिलं तर उजवा खांदा एकीकडे कललेला आणि सगळं धड डावीकडे सरकलेलं. रस्त्याकडेच्या दुकानांच्या काचांमध्ये क्रेनने स्वतःला हजारदा पाहिलं होतं. पण तिथे त्याला दरवेळी दिसला होता तो फ्रीज घेऊन उतरणारा जवान पोरगा.

"हा मी?" त्याने विचारलं.

"उजव्या खांद्यावर ओझं घेता ना तुम्ही? शरीर त्या सवयीने तसंच बसून गेलंय. पुष्कळ कष्टाची माणसं येतात माझ्याकडे अशी. यात लाजण्यासारखं काही नाही."

त्याला त्या वाक्यातला लाजण्यासारखं एवढाच शब्द ऐकू आला. त्याने घाईघाईने शर्ट चढवला आणि बटणं एक घर चुकवून लावली.

पहिला धडा होता बिछान्यातून उठायचा. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटा देऊन उठायचं, झटक्यात बसायचं नाही. एवढा मोठा बाप्या आणि त्याला झोपून उठायला शिकवत होते. मग उताणं झोपून, गुडघे मुडपून, पोटाचे आतले स्नायू हलकेच आवळायचे आणि तरी श्वास चालू ठेवायचा. मग हातागुडघ्यांवर ओणवं व्हायचं आणि उजवा हात पुढे, डावा पाय मागे, असं लांब करून स्थिर राहायचं. क्रेनने हात लांब केला, पाय लांब केला आणि भुईमुगाच्या पोत्यासारखा कलंडला.

शेजारच्या चटईवर एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचा खांदा आखडला होता. "मी पहिल्या दिवशी त्या चेंडूवरून गडगडत दारापर्यंत गेले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही निदान जागच्या जागी पडलात."

सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण क्रेनच्या कानशिलांना चटका बसला.

तरी तो जात राहिला. मॅडम त्याच्या पाठीवर उभी काठी धरायच्या. डोकं, खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली ठेवून वाकायचं. "कंबरेतून मोडायचं नाही. मागे खुर्ची आहे समजा, तिच्यावर बसायला जाताय. वाकायचं ते खुब्यातून." वाकायचं कसं हे आपल्याला येतं, असं क्रेनला वाटत होतं. तेही येत नव्हतं. काठी दरवेळी सुटायची. हळूहळू ती सुटेनाशी झाली. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली वर कुल्ल्यात आली.

"कळ वर सरकतेय म्हणजे नस मोकळी होतेय," मॅडम खूश होऊन म्हणाल्या. "हे चांगलं लक्षण आहे."

"मग कामावर जाऊ?"

"हलकं काम असेल तर जा. भाजीची पिशवी उचला, बादली उचला. कपाट नाही. फ्रीज नाही. मी सांगेपर्यंत नाही. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी मेहुणा घरी आला. बहिणीसाठी फळं आणली होती. बोलता बोलता हसत म्हणाला, "भाऊजी, ड्रायव्हरने माझं काय नाव ठेवलंय माहितीये? छोटा क्रेन. परवा वॉशिंग मशीन एकट्याने उतरवलं ना, तेव्हापासून."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. भाऊजींच्या नावाचा तुकडा आपल्याला मिळाला याचं त्याला कौतुक वाटत होतं. क्रेन पण हसला. मग म्हणाला, "उद्यापासून मी येतोय."

"खरं? मॅडमनी परवानगी दिली?"

"दिली."

बायको भांडी घासत होती. नळ बंद करून तिने मान वळवली. "कधी दिली?"

"आजच."

"बघ, म्हटलं नव्हतं," ती भावाला म्हणाली. "बरे होणारच होते ते." आणि तिचा चेहरा इतका उजळला की क्रेन उठून हात धुवायला गेला. हात काही खराब झाले नव्हते.

पहिले काही दिवस निभावले. खोकी, गाद्या, खुर्च्या. मेहुणा जड वस्तूकडे आपणहून जायचा आणि क्रेनला काही बोलावं लागायचं नाही. पण एका सकाळी एका नवराबायकोचं बिऱ्हाड होतं, वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आरसा जडवलेलं लाकडी कपाट जिन्यावरून उतरवायचं होतं.

"तुम्ही वर राहा, मी खाली राहतो," मेहुणा हळूच म्हणाला. खालच्या माणसावर सगळा भार येतो. क्रेन असताना खाली दुसरं कुणी उभं राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण तो वर राहिला. मेहुण्याने कपाटाभोवती पट्टा आवळला, बक्कल लावलं आणि दोघे निघाले.

पहिल्या वळणावर क्रेनच्या कुल्ल्यात कळ चमकली. पुढे सपाट जागा होती. कपाट टेकवता आलं असतं. मेहुण्याने खालून त्याचा चेहरा पाहिला असावा.

"भाऊजी, टेकवू का?"

घराची मालकीण जिन्यात उभी राहून बघत होती. "आरसा जपून हं," ती म्हणाली.

"चल, चल," क्रेन म्हणाला.

पुढचा जिना सुरू झाला आणि उजवा पाय त्याच्या खालून निघून गेल्यासारखा झाला. पायात वीज गेली आणि त्याची बोटं आपोआप उघडली. कपाट घसरलं. मेहुण्याने ते छातीवर घ्यायचा प्रयत्न केला, पण त्याचा उजवा हात कपाट आणि कठडा यांच्यामध्ये सापडला. आरसा फुटला. त्या आवाजात मेहुण्याचा आवाज कुणाला वेगळा ऐकू आला नाही.

माणसं धावली, कपाट उचललं गेलं. मेहुणा पायरीवर बसला होता, मनगट पोटाशी धरून. कपाट आपटलं तेव्हा बक्कल निसटलं होतं आणि पट्टा लोंबत होता.

"काय झालं? कसं झालं?" ड्रायव्हर विचारत होता.

"पट्टा सुटला," क्रेन म्हणाला.

हे शब्द आपण ठरवून बोललो का, हे त्याला पुढे कितीही आठवलं तरी कळलं नाही. पण ते त्याच्याच तोंडून निघाले होते आणि सगळ्यांनी लोंबणाऱ्या पट्ट्याकडे पाहिलं होतं.

दवाखान्यात मनगटाची हाडं बसवून प्लास्टर घातलं. मेहुणा पांढराफटक पडला होता. क्रेन खाटेशी बसला. त्यालाही नीट बसवत नव्हतं, पण ते सांगायची सोय नव्हती.

"भाऊजी," मेहुणा डोळे मिटूनच म्हणाला, "चूक माझी. घाईत बक्कल बसलं नसेल. तुम्ही किती वेळा सांगितलंय, ओढून बघत जा. तुमच्या अंगावर आलं असतं तर?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

"असू दे," क्रेन म्हणाला.

त्याने मेहुण्याला माफ केलं होतं. घरी जाताना बसमध्ये हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो उठून दोन थांबे आधीच उतरला. पाय ओढत चालत राहिला.

मालकाने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोळा केलं आणि पट्टा तपासल्याशिवाय सामान हलवायचं नाही असं सुनावलं. मेहुण्याचं नाव घेऊन सुनावलं. क्रेन मागच्या रांगेत होता. घरी बायको फोनवर भावाला रागवत होती, अर्ध्या मायेने, अर्ध्या काळजीने. "अरे, लक्ष कुठे असतं तुझं? आणि यांची बरी झालेली पाठ तुझ्यापायी पुन्हा गेली. बिचारे बोलत नाहीत काही." फोन ठेवून ती गरम पाण्याची पिशवी घेऊन आली आणि त्याच्या कंबरेखाली सरकवली. क्रेनने तोंड भिंतीकडे केलं.

मॅडमनी त्याला तपासलं. "हे कसं झालं?"

"घरी पाय घसरला."

"घरी."

"हो."

त्यांनी पुढे विचारलं नाही. पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. कुशीवर वळा, पाय खाली सोडा. निवृत्त शिक्षिकांचा हात आता डोक्याच्या वर जात होता. त्यांनी चौकशी केली तेव्हा क्रेनने त्यांनाही घर आणि पाय घसरणं सांगितलं. खोटं दुसऱ्यांदा सोपं जातं म्हणतात. त्याला ते पहिल्यापेक्षा जड गेलं.

मेहुण्याचं प्लास्टर निघालं तेव्हा मनगट काठीसारखं बारीक झालेलं होतं आणि मूठ वळत नव्हती. डॉक्टरने त्यालाही फिजिओथेरपी लिहून दिली.

"तुमच्याच मॅडमकडे नाव घातलं त्याचं," बायकोने जेवताना सांगितलं. "एकाच वेळेला जाता येईल दोघांना. त्यालाही सोबत होईल."

क्रेनने हातातला घास परत ताटात ठेवला. "एवढ्या लांब कशाला? जवळ आहे की एक."

"तुमची पाठ त्यांनी बरी केली होती ना? मग त्याचा हात पण करतील."

मॅडमना फोन करून विनंती करावी असं त्याच्या मनात आलं. पण विनंती काय करणार? मी तुमच्या नावावर खोटं बोललो, तेवढं सांभाळून घ्या? त्याने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

पहिल्या दिवशी दोघे बसमध्ये शेजारी बसून गेले. मेहुणा बारका झाला होता, पण खुशीत होता. खोलीत शिरल्यावर प्लास्टिकचा कणा बघून म्हणाला, "भाऊजी, हा तुमचा काढून ठेवलाय का?" मॅडम हसल्या. त्यांनी त्याचं मनगट कोमट पाण्यात सोडलं, एकेक बोट हलवून पाहिलं आणि हातात पिठाच्या गोळ्यासारखा मऊ, दाबला की ठसा तसाच राहणारा रबरी गोळा दिला. "दाबा. दुखेल थोडं. दुखलं तर थांबा, पुन्हा दाबा."

क्रेन समोरच्या चटईवर ओणवा होता. उजवा हात पुढे, डावा पाय मागे.

"कामावर कधी जाता येईल?" मेहुण्याने विचारलं.

"वजन उचलायला बराच वेळ आहे. हाड जुळलं म्हणजे ताकद आली असं नाही. घाई केलीत तर कायमचं अधू होईल."

"असं कसं?" मेहुणा गोळा दाबत म्हणाला. "भाऊजींना तर तुम्ही लगेच परवानगी दिली होती. चांगली कपाटं उचलायची."

मॅडमचा हात थांबला. त्यांनी क्रेनकडे पाहिलं. त्या नजरेत काही विचारलेलं नव्हतं. त्यांच्या मनात सगळं जुळलं होतं एवढंच दिसलं. मग त्या वळल्या आणि पाण्याचं भांडं घेऊन आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो चालूच राहिला.

क्रेनचा उजवा हात अजून पुढे लांब केलेला होता. त्याने तो खाली टेकवला. मग पाय टेकवला. निवृत्त शिक्षिका भिंतीशी बोटांनी वर चढायचा व्यायाम करत होत्या. संगणकावर काम करणारी एक मुलगी मानेला पट्टा लावून बसली होती. ओणव्यानेच, चटईकडे बघत तो म्हणाला,

"मॅडमनी परवानगी दिली नव्हती."

"म्हणजे?"

"उचलू नका म्हणाल्या होत्या. मीच आलो."

मेहुण्याला अजून कळलं नव्हतं. तो गोळा दाबत होता.

"पट्टा सुटला नव्हता," क्रेन म्हणाला. "माझा पाय गेला. कपाट माझ्या हातून सुटलं. पट्टा नंतर निघाला. तू बक्कल नीटच लावलं होतंस."

गोळा दाबणारी बोटं थांबली. शिक्षिकांनी भिंतीवरचा हात खाली घेतला नाही, तशाच उभ्या राहिल्या. मेहुण्याने आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"मी विचारलं होतं, टेकवू का," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही चल म्हणालात."

"हो."

"दवाखान्यात मी माफी मागत होतो तुमची."

क्रेनने नुसती मान हलवली.

"ताईला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिला सांगा." मेहुण्याने गोळा टेबलावर ठेवला, डाव्या हाताने कशीबशी चप्पल चढवली आणि तो निघून गेला. जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खाली गेला.

मॅडम बाहेर आल्या. क्रेन चटईवर बसला होता.

"तुम्हाला कळलं होतं ना?" त्याने विचारलं. "मी पाय घसरला म्हणालो तेव्हाच."

"शंका आली होती. दुसऱ्या कुणाला लागलंय हे माहीत नव्हतं. आज कळलं." त्या खुर्चीत बसल्या. "खरं सांगू? मला फार राग आलाय तुमचा. पण चटईवर आला आहात तर उरलेला व्यायाम करून जा."

त्याने केला. त्या काठी धरून उभ्या होत्या. कुठे चुकलं की त्या नेहमीसारखं सांगत होत्या, ना जास्त ना कमी.

बायको लसूण सोलत होती. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं, कारण बसलो तर बोलता येणार नाही अशी त्याला भीती होती. तिने ओरडाआरडा केला नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तो माफी मागत होता तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"असू दे म्हणालो."

तिने सुरी खाली ठेवली. लसणाच्या साली गोळा केल्या, हात धुतले आणि पिशवीत दोन कपडे भरले. "मी त्याच्याकडे जाते थोडे दिवस. त्याला एका हाताने स्वयंपाक जमत नाही." दारात थांबून म्हणाली, "शेकायचं पाणी तापवून ठेवलंय. निवायच्या आत घ्या." तिने दार आपटलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. ते पाणी त्याने घेतलं नाही. तसंच निवू दिलं.

कंपनीच्या गोदामात सांगणं उरलं होतं. सकाळी सगळे ट्रकभोवती जमले तेव्हा तो मालकासमोर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. मालक आधी चिडला, मग कपाळ चोळत म्हणाला, "अरे, मला सांगितलं असतंस तर हलकं काम दिलं नसतं का? एवढी वर्षं काम केलंस तू." हे त्याला तेव्हा सुचलंच नव्हतं. हलकं काम मागायचं असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

त्याला बांधणीच्या टेबलावर बसवलं. कपबश्या, फोटोच्या चौकटी, दिवे, सगळं कागदात गुंडाळायचं काम. बायामाणसांचं काम असं तोच पूर्वी म्हणायचा. टेबलावरच्या दोघी बायकांनी त्याला कागदाची घडी कशी घालायची ते दाखवलं आणि पुढे काही विचारलं नाही. ड्रायव्हरने त्याला क्रेन म्हणणं सोडलं. ठरवून सोडलं असं नाही, जीभ अडखळायची त्याची. मग तो हजेरीपटावरच्या नावाने हाक मारायला लागला आणि दरवेळी क्रेन जरा उशिरा ओ द्यायचा.

बायको परत आली. घर पुन्हा सुरू झालं. मोजे आता त्याचे त्याला घालता येत होते, खुर्चीत बसून, पाय गुडघ्यावर घेऊन, मॅडमनी शिकवलं तसे. ती त्याच्याशी बोलायची, पण भावाचा विषय निघाला की दोघांपैकी एकजण उठून जायचं. मेहुण्याने मॅडमकडची वेळ बदलून घेतली होती. तो सकाळी जायचा, क्रेन संध्याकाळी. कधी रबरी गोळा टेबलावर राहिलेला असायचा, त्यावर बोटांचे ठसे उमटलेले. क्रेन तो उचलून जागेवर ठेवायचा. ठसे पहिल्यापेक्षा खोल झालेत का, हे बघायचा धीर त्याला व्हायचा नाही, पण नजर जायचीच.

त्याची पाठ सुधारली. मॅडमनी पुन्हा फोटो काढले तेव्हा मान बरीच मागे गेली होती आणि खांदे जवळजवळ एका रेषेत आले होते. "बघा," त्या म्हणाल्या. त्याने पाहिलं आणि बरं म्हटलं. ताठ उभं राहिलं की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. ते त्याला अजून जमत नव्हतं.

पुढे मेहुणाही कामावर आला. वजन उचलायचं नाही या अटीवर. तो सामानावर चिठ्ठ्या चिकटवायचा, ट्रकमध्ये काय चढलं ते बघायचा. क्रेनच्या टेबलापासून त्याची जागा लांब नव्हती. दोघांत बोलणं नव्हतं. कामापुरतं काही असेल तर तो टेबलावरच्या बायकांना सांगायचा आणि त्या क्रेनला सांगायच्या.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले होते. क्रेन टेबलावरच डबा उघडून बसला होता. मेहुणा पलीकडे खोक्यांवर बसून पाण्याची बाटली उघडत होता. नवी बाटली, झाकण घट्ट. उजव्या हाताने पकड येईना. त्याने बाटली मांड्यांत धरून डाव्या हाताने फिरवून पाहिली. मग दातांनी. क्रेन डब्यात बघत राहिला. उठावं असं वाटत होतं, पण आपण हात पुढे केला तर तो झिडकारेल, आणि झिडकारण्याचा त्याला हक्क आहे, हेही कळत होतं.

थोड्या वेळाने पावलं वाजली. मेहुणा टेबलापाशी आला. त्याने बाटली क्रेनच्या डब्याशेजारी ठेवली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

क्रेनने झाकण फिरवलं. ते इतक्या सहज निघालं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बाटली पुढे केली. मेहुणा उभ्याउभ्या पाणी प्याला, बाहीने तोंड पुसलं.

"गुरुवारी संध्याकाळची वेळ दिलीय मॅडमनी," तो म्हणाला. "सकाळी त्यांना जमत नाही."

"बरं," क्रेन म्हणाला.

"ताई म्हणाली तुम्हाला सांग."

तो पुन्हा खोक्यांकडे गेला. झाकण क्रेनच्या हातातच राहिलं होतं. परत बोलवावं की आपण नेऊन द्यावं, हे त्याला ठरवता येईना. मग तो खुर्चीवरून उठला, नीट, खुब्यातून, आणि झाकण द्यायला निघाला.